हत्ती बसला तरी तुटणार नाही?

दिवाळीचे दिवस. घर पाहुण्यांनी गजबजलेले. माजघरातल्या झोपाळ्यावर तिघीजणी गप्पांत रंगलेल्या. तेवढ्यात दोन पोरे धावत येऊन त्यांच्यामध्ये आदळतात, पायाचा रेटा बसतो आणि झोके उंच जाऊ लागतात. स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अरे, हळू! वरचा हूक निसटेल एखाद्या दिवशी!’’ त्यावर आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतात, ‘‘काही होत नाही गं. हत्ती बसला तरी तुटायचा नाही तो!’’

आजोबांचे हे वाक्य म्हणजे इंजिनिअरांच्या भाषेत एक आकडा आहे. त्याला ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ म्हणतात, मराठीत सुरक्षा गुणक. वस्तू किती सोसू शकते, भागिले तिला प्रत्यक्षात किती सोसावे लागते, एवढाच तो हिशेब. उत्तर २ आले तर दुप्पट भार झेलण्याची ताकद तिने राखून ठेवली आहे. १ आले तर ती अगदी काठावर उभी आहे. आणि १ पेक्षा कमी आले, तर पाहुण्यांनी खाली सतरंजीवर बसलेले बरे.

भागाकार चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. मग मोठमोठ्या कंपन्या, संगणक आणि पदवीधर इंजिनिअर हाताशी असूनही बांधकामे कोसळतात ती का? कारण अंशातला आकडा, म्हणजे वस्तूची ताकद, प्रयोगशाळेत तुकडा ओढून मोजता येते. खरी मेख आहे ती छेदातल्या आकड्यात. वस्तूवर नेमका कुठे आणि किती ताण येतो, हे दिसत नाही. ते शोधून काढावे लागते.

आधी झोपाळ्याचेच गणित

समजा, झोपाळ्याचा पाट आणि सळ्या मिळून ४० किलो. वर बसलेल्या तिघी मिळून २१० किलो, दोन पोरे मिळून ७०. एकूण ३२० किलो. छताला चार हूक आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८० किलो आले. हूक १२ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी सळईचा आहे. ही सळई आडवी कापली तर जे गोल तोंड दिसेल त्याचे क्षेत्रफळ भरते ११३ चौरस मिलिमीटर. ८० किलोंचे ओझे म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन बल. त्याला ११३ ने भागा. प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम ७ न्यूटन येतात. यालाच ताण म्हणायचे.

साधे पोलाद, ज्याला बाजारात एम. एस. म्हणतात, ते दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन सोसते. त्यापलीकडे गेले की ते वाकते आणि भार काढला तरी पूर्ववत होत नाही. २५० भागिले ७, म्हणजे सुरक्षा गुणक जवळजवळ ३६! ३२० किलोंच्या छत्तीस पट म्हणजे साडेअकरा टन. एक सोडाच, दोन हत्ती बसवा. आजोबा जिंकले.

पण थांबा. हूक सरळ सळईचा असतो का? तो प्रश्नचिन्हासारखा वळलेला असतो. ओझे लोंबते वळणाच्या मधोमध आणि सळई असते बाजूला. त्यामुळे ओझे सळईला नुसते खाली ओढत नाही, ते वळण उलगडू पाहते. वळणाची आतली त्रिज्या १२ मिलिमीटर धरून वाकलेल्या सळईचे सूत्र लावले, तर वळणाच्या आतल्या कडेवरचा ताण ७ राहत नाही. तो होतो सुमारे ११८. सुरक्षा गुणक ३६ वरून थेट २.१ वर घसरला! सळई तीच, माणसे तीच. आपण फक्त ताण योग्य जागी मोजला.

आणखी पुढे जाऊ. चार हूक अगदी एका पातळीत बसवणारा गवंडी शोधून सापडायचा नाही. एखादा केसभर खाली-वर असतोच. मग भार चौघांत सारखा वाटला जात नाही, समोरासमोरचे दोनच हूक तो उचलतात आणि बाकीचे दोन नुसते शोभेला. ताण दुप्पट, २३६. गुणक १.०६. आता पोरांनी झोका ४५ अंशांपर्यंत नेला, तर खालून जाताना वेगामुळे ओझे दीडपटीहून जास्त भासते. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तर ताण ३७० च्या पुढे. गुणक १ च्या खाली, ०.६७.

तरी झोपाळे रोज का पडत नाहीत? एक तर चांगला कारागीर १२ मिलिमीटरची सळई वापरतच नाही, जाड वापरतो. दुसरे म्हणजे पोलाद मोठ्या मनाचे असते. आतल्या कडेवरचा चिमूटभर धातू हार मानतो, पण शेजारचा धातू त्याचा भार उचलून घेतो. हूक तुटत नाही, हळूहळू तोंड उघडत जातो. म्हणजे सूचना देऊन मग जातो.

ठिपक्यांची रांगोळी

हुकाचे गणित जमले, कारण वाकलेल्या सळईसाठी तयार सूत्र आहे. पण स्कूटरच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट, पंख्याचे पाते, प्रेशर कुकरचे झाकण, क्रेनचा सांगाडा, धरणाची भिंत, यांना सूत्र कुठून आणायचे? आकार इतके वेडेवाकडे की जन्मभर बसले तरी कागदावर गणित सुटणार नाही.

इथे कामाला येते ती ‘फायनाइट एलिमेंट’ नावाची पद्धत. नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. आपल्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दाराशी हेच करत आल्या आहेत. कमळ काढायचे असेल तर एकदम कमळ कुणी काढत नाही. आधी ठिपके मांडायचे, मग ठिपक्याला ठिपका जोडायचा. सबंध आकृती अवघड असते, पण दोन शेजारच्या ठिपक्यांमधली रेघ सोपी असते. वर्तुळात अनेक बाजूंच्या आकृत्या बसवून त्याचा परीघ काढणाऱ्या आर्किमिडीजनेही दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हीच युक्ती केली होती.

संगणक तेच करतो. अवघड आकाराचा भाग तो हजारो, कधी लाखो छोट्या तुकड्यांत कापतो. त्रिकोण, चौकोन, विटा. सगळे मिळून दिसते एक जाळी, म्हणून तिला ‘मेश’ म्हणतात. तुकडे जिथे एकमेकांना भेटतात ते ठिपके. प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटी स्प्रिंग असे समजा. ती किती दाबली की किती परतून ढकलते हे ठाऊक आहे. मग संगणक प्रत्येक ठिपक्याला विचारतो, तुझ्यावर चारी बाजूंनी येणाऱ्या बलांची बेरीज शून्य होण्यासाठी तू किती सरकायला हवेस? ठिपके लाख असले तर काही लाख समीकरणे, सगळी एकमेकांत गुंतलेली आणि एकदम सोडवायची. ठिपके किती सरकले हे कळले की तुकडे किती ताणले गेले हे कळते, आणि त्यावरून ताण.

गणितज्ञ रिचर्ड कूरान्ट यांनी त्रिकोणांचे तुकडे जोडून उत्तर काढण्याची ही वाट १९४३ मध्ये दाखवली होती. पण समीकरणे सोडवायची कुणी? संगणक आल्यावर विमानाच्या पंखांसाठी ती खरोखर वापरात आली. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला आणि १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिचे ‘फायनाइट एलिमेंट’ असे बारसे केले. पुढे अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळयानांसाठी ‘नॅस्ट्रान’ नावाचा प्रोग्रॅम तयार करवून घेतला. या नॅस्ट्रानची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा.

सहा ताणांचा एक आकडा

आता एक अडचण. प्रत्येक तुकड्यात ताण एकच नसतो. तीन दिशांना ओढ किंवा दाब, शिवाय थर एकमेकांवरून घसरवू पाहणारे तीन कातरताण, असे सहा आकडे निघतात. प्रयोगशाळेत मात्र पोलादाचा तुकडा एकाच दिशेने ओढून २५० हा एकच आकडा मिळालेला असतो. सहांना एकाने भागायचे कसे?

यावर तोडगा आहे. पोलंडच्या ह्यूबर यांनी १९०४ मध्ये आणि त्यांच्याशी संबंध नसताना रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९१३ मध्ये तो मांडला. समुद्राच्या तळाशी पडलेल्या लोखंडी बोल्टवर चहूबाजूंनी प्रचंड दाब असतो, तरी तो वाकत नाही, कारण दाब सगळीकडून सारखा आहे. धातूला सोसत नाही ते त्याचा आकार बिघडणे. म्हणून सहा आकड्यांतून फक्त आकार बिघडवणारा भाग गाळून घ्यायचा आणि त्याचा एक आकडा करायचा. त्याला फॉन मिझेस ताण म्हणतात. २५० भागिले हा ताण, म्हणजे त्या तुकड्यापुरता सुरक्षा गुणक. संगणक हा भागाकार प्रत्येक तुकड्यासाठी करतो आणि त्यातला सर्वांत लहान आकडा हा सबंध वस्तूचा गुणक ठरतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच.

हे सूत्र वाकणाऱ्या धातूंचे आहे, हे मात्र विसरायचे नाही. बिडाचा तवा हातातून पडला तर तो वाकत नाही, टचकन दोन तुकडे होतात. बीड, काच, काँक्रीट असल्या ठिसूळ पदार्थांसाठी सर्वाधिक ओढीचा ताण पाहावा लागतो, आणि दाबासाठी वेगळी मर्यादा. प्रोग्रॅमला हे आपोआप कळत नाही. तव्याला पोलादाचे सूत्र लावले तरी तो मुकाट्याने उत्तर देतो.

उत्तर येते ते रंगीत चित्र होऊन. निळा रंग कमी ताणाचा, लाल सर्वांत जास्त ताणाचा. आपल्या हुकाचे चित्र काढले तर वळणाची आतली कड लालभडक दिसेल आणि सरळ भाग निळाशार. चित्र इतके देखणे असते की पाहणारा हरखून जातो. पण लाल म्हणजे धोका असे मुळीच नाही. या चित्रातला सर्वांत जास्त ताण, एवढाच त्याचा अर्थ. उशीवर टाचणी ठेवून हिशेब केला तरी कुठेतरी लाल दिसणारच. आणि निळे दिसले म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. ते पुढे येईलच.

गुणक किती असावा?

याचे एकच उत्तर नाही. प्रवासी विमानाच्या सांगाड्यासाठी नियम आहे १.५ चा. ऐकून धस्स होते ना? पण विमानात गुणक वाढवायचा म्हणजे धातू वाढवायचा, वजन वाढवायचे, आणि मग ते उडणार कसे? त्या बदल्यात तिथे प्रत्येक पत्र्याची तपासणी होते, पंख प्रत्यक्ष वाकवून पाहिले जातात आणि ठरावीक तासांनी विमान उघडून बघतात. लिफ्टच्या दोरांचा गुणक मात्र दहाच्या आसपास किंवा त्याहूनही मोठा असतो. दोर घासतात, त्यातल्या तारा एकेक करून तुटतात आणि खाली माणसे लोंबत असतात.

आपल्या घराच्या स्लॅबचे काय? भारतीय मानक ४५६ प्रमाणे अपेक्षित भार १.५ ने गुणून वाढवून धरायचा. दुसऱ्या बाजूने सळईची ताकद १.१५ ने भागून कमी धरायची आणि काँक्रीटची १.५ ने भागून. सळईवर विश्वास जास्त आणि काँक्रीटवर कमी, कारण सळई कारखान्यात देखरेखीखाली तयार होते, काँक्रीट साइटवर कालवले जाते आणि तिथे पाण्याची एक बादली जास्त पडली तरी ताकद घसरते. मानक लिहिणाऱ्यांना आपली माणसे चांगली ठाऊक होती असे म्हणायचे! राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात. दहा बाय दहाच्या खोलीला हे अठराशे किलोंच्या वर जाते. बारशाची गर्दी त्यात सहज मावते. पण हौसेने गॅलरीत केलेला फूटभर ओल्या मातीचा वाफा एकटाच चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातो. तो इंजिनिअरच्या हिशेबात नव्हता.

इंजिनिअर आपापसांत थट्टेने याला ‘अज्ञानाचा गुणक’ म्हणतात. जे आपल्याला नेमके माहीत नाही, त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली शिल्लक. ही शिल्लक आपल्याच चुकीने खाऊन टाकली तर काय होते, याचे उदाहरण नॉर्वेत घडले.

फिओर्डमधली पहाट

नॉर्वेच्या स्टाव्हँगर शहराजवळ समुद्र जमिनीत आत शिरून एक चिंचोळी, खोल खाडी झाली आहे. तिथे ‘स्लाइप्नर ए’ नावाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया तरंगत उभा होता. उत्तर समुद्रात ८२ मीटर खोल पाण्यात तो बसवायचा, त्यावर ५७,००० टनांचा डेक ठेवायचा, तिथे सुमारे दोनशे माणसे राहणार आणि समुद्राच्या पोटातला गॅस काढणार, अशी योजना होती. पायात काँक्रीटचे चोवीस पोकळ कप्पे एकमेकांना चिकटून बांधलेले. त्यांतले चार उंच वाढवून खांब केलेले. असे पाये ‘नॉर्वेजियन कॉन्ट्रॅक्टर्स’ या कंपनीने आधीही बांधले होते. काम नवखे नव्हते.

डेक चढवण्याची रीतही ठरलेली होती. पायात पाणी भरून तो जवळजवळ पूर्ण बुडवायचा, डेक तरंगत वर आणायचा, मग पाणी काढून पाया उचलायचा. त्याची तालीम म्हणून २३ ऑगस्ट १९९१ च्या पहाटे पाया हळूहळू खाली घेतला जात होता. अचानक आतून गडगडाट ऐकू आला आणि पाठोपाठ पाणी कोसळल्याचा आवाज. पंप लावून उपयोग नव्हता. वरची माणसे वेळेवर उतरली, एकही जीव गेला नाही. अवघ्या काही मिनिटांत तो प्रचंड पाया दिसेनासा झाला. खाली जाताना पाण्याच्या दाबाने कप्पे एकापाठोपाठ एक चुरडले आणि भूकंपमापकावर ३ रिश्टरचा धक्का नोंदला गेला. २२० मीटर खोल तळाशी उरला तो निव्वळ राडारोडा. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत काय निघाले? तीन गोल पेले एकमेकांना टेकवून ठेवा. मध्ये एक तीनकोनी फट राहते. स्लाइप्नरच्या कप्प्यांमध्येही अशा फटी होत्या, वरून समुद्राला उघड्या. त्यांत पाणी भरलेले, शेजारच्या कप्प्यांत मात्र हवा. त्यामुळे फटीच्या भिंतींवर पाण्याचा दाब आतून बाहेर रेटत होता आणि भिंत जिथे कोपऱ्यात मिळते तिथे तिला कातरू पाहत होता. या भिंतींचा हिशेब फायनाइट एलिमेंट पद्धतीने, नॅस्ट्रान वापरूनच केलेला होता. पण कोपऱ्यापाशी जाळीचे तुकडे मोठे आणि तिरके पडले होते. पाच ठिपक्यांत कमळ काढायला घेतल्यासारखे. पाकळीचे वळण तिथे दिसणारच नव्हते. संगणकाने कातरताण सुमारे ४७ टक्क्यांनी कमी सांगितला. चित्रात जिथे लाल दिसायला हवे होते तिथे ते दिसलेच नाही.

त्यातच दुसरी चूक. कोपऱ्यात घातलेल्या खास टी आकाराच्या सळ्या आखूड होत्या, भिंतीच्या ज्या भागाला त्यांनी धरून ठेवायचे तिथवर त्या पोचतच नव्हत्या. ताण कमी दिसल्यामुळे त्या लांब करण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

आता भागाकार आठवा. उदाहरणादाखल समजा, कागदावर गुणक १.५ आहे. छेदातला ताण खरा १०० असताना आपण ५३ धरला, तर खरा गुणक होतो १.५ गुणिले ०.५३, म्हणजे ०.८. ठेवलेली सगळी शिल्लक संपून वर उधारी! नंतर बारीक जाळी घेऊन पुन्हा गणित केले, तेव्हा ६२ मीटर पाण्याच्या दाबाला भिंत फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती फुटली ६५ मीटरला. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती, प्रोग्रॅमही बिघडलेला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न जाडाभरडा होता, तसेच उत्तर आले.

तपासणी कशी करतात?

पहिला उपाय साधा, पण कंटाळवाणा. जाळी दुप्पट बारीक करायची आणि गणित पुन्हा चालवायचे. ताण १०० चा १०३ झाला तर उत्तर स्थिरावले असे समजायचे. १०० चा १४० झाला, तर पहिले उत्तर टाकून द्यायचे आणि जाळी आणखी बारीक करायची. कधी कधी ताण १४०, २००, २८० असा वाढतच राहतो, थांबतच नाही. असे झाले तर इंजिनिअरने चित्रातला तो कोपरा पाहावा. तो बहुधा अगदी टोकदार, आतल्या बाजूचा काटकोन असतो. गणिताच्या दृष्टीने तिथे ताण अनंत आहे! तिथला सुरक्षा गुणक काढणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे. खऱ्या वस्तूत कोपऱ्याला थोडी तरी गोलाई असते. ती काढून दाखवावी, मगच आकडा विचारावा.

दुसरा उपाय बेरजेचा. वरून घातलेला सगळा भार आणि खाली आधारांनी झेललेला भार सारखा भरला पाहिजे, वाण्याच्या वहीसारखा. पण वही जुळली म्हणजे कोपऱ्यातला ताण बरोबर आला असे नाही, फक्त मोठी घोडचूक झालेली नाही एवढेच कळते.

तिसरा उपाय म्हणजे वस्तू स्वतः काय सांगते ते ऐकणे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात क्रीडागृहाचे भव्य छत संगणकाच्या आधारे आखले होते. ही पद्धत सळ्यांच्या जाळ्याची होती, पण धडा तोच. छत वर चढवताना ते हिशेबाच्या दुप्पट खाली वाकलेले मोजले गेले. मोजले, नोंदले आणि सोडून दिले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि सुमारे पाच हजार प्रेक्षक नुकतेच घरी गेले होते.

आणि चौथा उपाय कागद-पेन्सिलीचा. आपण हुकाचे केले तसे साधे गणित आधी हाताने करायचे, उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज बांधायचा आणि मगच संगणकाकडे जायचे. अंदाज ११८ चा असताना पडद्यावर ६० दिसले, की कान टवकारले पाहिजेत.

स्लाइप्नर बुडाल्यावर नेमके हेच झाले. गॅस देण्याचे करार आधीच झालेले, रोजच्या उशिराचा भुर्दंड मोठा. नव्या संगणकी गणिताची वाट पाहत बसायला वेळ नव्हता. तेव्हा वीस वर्षांपूर्वी, स्लाइड रूलच्या जमान्यात असे पहिले पाये ज्या रीतीने आखले होते, त्याच रीतीने नवा पाया हाताने आखायचे ठरले. संगणकाची उत्तरे आली तोवर सगळ्या भागांची आकडेमोड हातांनी पुरी झाली होती आणि बराचसा पाया बांधूनही झाला होता. २९ एप्रिल १९९३ रोजी त्या पायावर डेक बसला आणि त्याच वर्षी प्लॅटफॉर्मवरून गॅस येऊ लागला.

तुमच्या झोपाळ्याचा हूक

तो तपासायला संगणक लागत नाही. झोपाळा रिकामा करा, स्टुलावर चढा आणि उजेडात हूक नीट पाहा. त्याचे तोंड बसवताना होते त्याहून उघडलेले वाटते का? कडी जिथे घासते तिथे खाच पडली आहे का? वळणाच्या आतल्या बाजूला केसासारखी रेघ दिसते का? दिवसातून शेकडो झोके, वर्षानुवर्षे. अशा सारख्या हेलकाव्यांनी धातू थकतो आणि २५० च्या बऱ्याच खाली असतानाही तडकू शकतो. यातले काहीही दिसले तर हूक बदला. आणि चारही हुकांवर भार येतो की दोनच हुकांच्या सळ्या ताठ आहेत, हे माणसे बसलेली असताना हाताने हलवून पाहा.

नवा घेताना १२ ऐवजी २० मिलिमीटरचा घ्या. वळणाची आतली त्रिज्या तेवढीच ठेवली, तर ३२० किलोंना त्यातला ताण ११८ वरून सुमारे ३६ वर येतो. गुणक साडेसहाच्या वर. दोनच हुकांनी भार उचलला आणि पोरांनी झोका ४५ अंशांपर्यंत नेला, तरी तो दोनच्या खाली जात नाही. हत्तीला मात्र अजूनही नाही म्हणावे लागेल. फार तर त्याचे पिल्लू, आणि तेही झोके न घेता.